चौकटीखालचे हात

“विपुल, तू कुठे बघतोयस?”

कुणालीनं एवढंच विचारलं. आवाज चढवून नव्हे. पुण्यातल्या आपल्या खोलीत, पांढऱ्या भिंतीपुढं बसून तिनं सहज विचारलं. पण विपुल असा दचकला की चिमटीतला वाल सुळकन उडाला, टेबलाच्या पायावर आपटला आणि कॉटखाली गेला. वालाचं काही नाही, परातीत ढीगभर पडले होते. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी गेलं. मघापासून त्याच्या डोक्यात मागच्या बाजूनं काहीतरी हळूहळू येत होतं. काय ते कळत नव्हतं. शब्द नव्हता, चित्र नव्हतं, नुसती चाहूल होती. पाहुणा दिसायच्या आधी अंगणातलं कुत्रं कान टवकारतं तसं त्याचं मन कान टवकारून बसलं होतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच. आणि कुणालीनं विचारलं, आणि जे येत होतं ते उंबऱ्यावरूनच माघारी फिरलं.

“कुठं नाय,” तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. मीटिंगमध्ये तो नेहमी ‘नाही’ म्हणत असे. “म्हणजे, इथेच आहे. ऐकतोय.”

“ऐकतोयस रे, पण सारखं खाली बघतोयस. सगळ्यांनी स्क्रीनकडे बघायचं ठरलंय ना आपलं?”

ठरलं होतं खरं. कंपनीनं मध्यंतरी एक बाई आणल्या होत्या, आणल्या म्हणजे पडद्यावरच आणल्या होत्या, आणि त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं की व्हिडिओ मीटिंगमध्ये लक्ष लागायचं असेल तर कॅमेरा चालू हवा आणि नजर समोर हवी. तेव्हापासून ही चौघं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी एकमेकांसमोर बसत. चौघं म्हणजे कुणाली, प्रणित, रुचिता आणि तो. लहान मुलांसाठी खेळ बनवणारी एक छोटी कंपनी, आणि तिच्यात नवे खेळ शोधून काढायचं काम या चौकडीकडं. कल्याणचं ऑफिस बंद झालं आणि दाणे पाखडल्यासारखे चौघं चार दिशांना गेले. कुणाली पुण्याला, प्रणित आईवडिलांजवळ भुसावळला, रुचिता वाशिंदच्या नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर, आणि विपुल मुरबाडच्या अलीकडं आपल्या गावात, पडवी बंद करून काढलेल्या खोलीत. वाशिंद काही दूर नव्हे. सकाळी निघालं तर जेवायला घरी परत येता येईल. पण रुचितासुद्धा त्याला भेटायची ती पडद्यावरच, गळ्यापर्यंत. तिच्या पायात हल्ली काय असतं, चपला का पैंजण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आजची मीटिंग शेवटची होती. डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यानं त्यांना काम दिलं होतं. तिथं तपासणीआधी मुलांच्या डोळ्यांत औषध घालतात आणि ते भिनेपर्यंत डोळे मिटून बाकावर बसवतात. पोरं कंटाळतात, घाबरतात, डोळे चोळतात, एकाचं बघून दुसरं रडतं, नाही, बघून कसलं, ऐकून रडतं. मोबाईल हातात देऊन उपयोग नाही. तर डोळे मिटून खेळायचा खेळ द्या, असं दवाखान्याचं म्हणणं. इतकं गोड काम आजवर आलं नव्हतं. पहिल्या दिवशी चौघांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. आणि मग मीटिंगमागून मीटिंग चौघं जण डोळे फाडफाडून एकमेकांकडं बघत, डोळे मिटून काय खेळावं याचा विचार करत बसले होते. यातली गंमत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. उद्या उत्तर द्यायचं होतं. काही सुचलं नाही तर गोष्टी ऐकवायची एक तयार पेटी बाजारात मिळतेच, ती आपल्या नावाचा कागद चिकटवून द्यायची, हे जवळजवळ पक्कं झालं होतं.

विपुलपुरती तर ती आणखी एका अर्थानं शेवटची होती. शहापूरला कमळाकरकाकांचं टाइल्सचं दुकान होतं आणि काका वर्षभर मागं लागले होते की तू ये, गल्ल्यावर घरचा माणूस पायजे. वर्षभर त्यानं टाळलं. पण मागच्या आठवड्यात त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आज संध्याकाळी काका उद्याच्या कार्यक्रमासाठी येणार, तेव्हा हो म्हणायचं. काकांनी सोमवारपासूनच ये म्हटलं होतं. मीटिंग संपता संपता कुणालीलाही सांगायचं. भांडण नाही, तक्रार नाही. आपली विहीर आटली, एवढंच. आटलेल्या विहिरीवर रहाट फिरवत राहायला त्याला लाज वाटू लागली होती. सुचणं हीच ज्याची एक मिळकत, त्याला सुचेना झालं तर त्यानं बाथरूमच्या फरश्या विकाव्यात. फरश्यांचं बरं असतं. मापात असतात, एकाशेजारी एक बसतात.

हे वाल मात्र काही ठरवून आले नव्हते. उद्या वैष्णवीचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा. वाशिंदची मुलाकडची माणसं येणार, म्हणून आईनं वाल भिजत घालून मोड आणले होते. आणि आज दुपारी घरात एक भलताच घोटाळा झाला. बिरडं सोलायला म्हणून ज्या चार बायका बोलावल्या होत्या त्या आल्या, आणि त्याच वेळी मेंदी काढणारी पोरगीही आली. आधी सोलून मग मेंदी, हे साधं गणित कुणाला सुचलं नाही. पोरगी घाई करत होती, तिला पुढं सरळगावला जायचं होतं. बघता बघता सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगले आणि सगळ्या जणी पंजे पसरून, बुजगावण्यासारख्या, वैष्णवीच्या खोलीत बसून राहिल्या. उरली एकटी आई, आणि तिला सतरा कामं. ती मोड आलेल्या वालांची परात घेऊन घरभर फिरली आणि शेवटी पडवीत आली.

“तुजा कंप्यूटर तोंडानंच चालतो ना रे?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“म्हंजे हात रिकामंच असतात ना? मंग हे सोल. मेल्यांनी एकीचाबी हात मोकळा नाय ठेवला.”

आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधी तिनं त्याच्या मांडीवर टॉवेल टाकला, त्यावर परात ठेवली आणि ती गेलीसुद्धा. वत्सलाबाईंपुढं, म्हणजे आईपुढं, आजवर कुणाचं चाललं नव्हतं, ते विपुलचं कुठून चालणार.

आता नजर वर, हात खाली. कुणालीला वाईट वाटू नये म्हणून तो पडद्याकडं असा बघू लागला की पापणीसुद्धा लवेना. पण हात थांबेनात. वाल चिमटीत धरायचा, मोडाची बाजू चाचपायची, मागून अंगठ्यानं अलगद दाबायचं. साल बोटांत राहते आणि दाणा निसटून पुढं जातो. इतका वेळ तो बघून सोलत होता. आता न बघता सोलू लागला आणि त्याला आश्चर्य वाटलं, कारण हात जास्तच भरभर चालू लागले. बोटांना सगळं कळत होतं. हा फुगलेला, हा अजून घट्ट, हा भिजलाच नाही, खड्यासारखा कडक, टाक बाजूला. ओल्या वालाचा तो कच्चट, जरासा आंबूस वास नाकात चढला होता. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. पडद्यावर प्रणित बोलत होता, “मुलांना वेगवेगळे आवाज ऐकवून ओळखायला लावलं तर,” आणि कुणाली म्हणत होती, “हे आधी झालंय ना आपलं,” आणि विपुलच्या बोटांतून, मनगटातून, पाठीच्या मणक्यावरून ती मघाची चाहूल पुन्हा वर चढू लागली.

तो हलला नाही. मांजरानं घरात यावं असं वाटत असेल तर त्याच्याकडं बघायचं नसतं, आपण आपलं काहीतरी करत बसायचं असतं. त्यानं वाल सोलत राहायचं ठरवलं. पण समोर तीन चेहरे होते आणि चौथा कोपऱ्यात त्याचा स्वतःचा, आणि चेहऱ्यांकडं न बघण्याची मुभा नव्हती. किती विचित्र, त्याला वाटलं, आयुष्यात आपण कुणाकडं इतका वेळ एकटक बघितलंय? आईकडं नाही. ज्या मुलीवर कॉलेजात जीव जडला होता तिच्याकडंही नाही. माणसं एकमेकांजवळ बसली की एकमेकांकडं कुठं बघतात? एक जण दाराकडं बघतो, एक जण नखं बघतो, एक जण दुसऱ्याच्या चहातल्या माशीकडं बघतो, आणि त्या इकडंतिकडं बघण्यातून बोलणं वाढत जातं. कल्याणच्या ऑफिसात तसंच होतं. फरसाणाच्या दुकानावरची ती एक खोली. दिवसभर खालून तळणाचा वास वर यायचा, दुपारी शेव पडली की सगळ्यांनाच भूक लागायची. छताला ओल येऊन एक भलामोठा डाग पडला होता आणि मालक तो रंगवून देत नव्हता. प्रणितला पाठदुखी, तो सरळ फरशीवर आडवा व्हायचा आणि डागाकडं बघत बोलायचा. रुचिता वर्तमानपत्राच्या कडांवर चित्रं काढायची आणि तिनं मान वर केली की समजायचं, आता काहीतरी येणार. कुणालीच्या हातात बांगडी असायची, ती बोटात घालून फिरवायची, ती पडली की टण्ण आवाज व्हायचा. आणि गप्प बसणं. केवढी गप्प बसायची ती चौघं. पंखा घरघरत राहायचा, आणि कुणालाच वाटायचं नाही की आता कुणीतरी बोललं पाहिजे.

एकदा असंच गप्प असताना प्रणित खालून म्हणाला होता, तो डाग म्हणजे झोपलेला उंट आहे. रुचिता म्हणाली, उंट कसला, ती माझी आत्या आहे. विपुल म्हणाला, आत्या उंटावर बसलीय. आणि कुणीतरी म्हणालं, असे डाग छापले पाहिजेत. त्यातून डागांच्या पत्त्यांचा तो खेळ निघाला, जो अजूनही दुकानांत विकला जातो. ‘असे डाग छापले पाहिजेत’ हे कोण म्हणालं, यावर चौघांचं नंतर एकमत झालं नाही. प्रत्येकाला वाटायचं दुसरा म्हणाला. त्या खोलीत कल्पना कुणाच्या मालकीची नसायची. वासासारखी यायची, सगळ्यांच्या नाकात एकदम.

इथं प्रत्येक जण आपापल्या खणात, खणाखाली त्याचं नाव. बोलायचं म्हणजे आधी म्यूट काढायचं, मग दोघं एकदम बोलायचे, मग “तू बोल”, “नाही नाही, तू आधी”, आणि तोवर जे बोलायचं होतं त्यातला जीव निघून जायचा. कोवळं काहीतरी पुढं करायचं तर सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आणि खाली आपलं नाव छापलेलं. म्हणून मग माणूस पिकलेलंच तेवढं बोले, आणि पिकलेलं म्हणजे जुनं. कुणी तीन सेकंद गप्प बसलं की दुसरा विचारी, “आवाज येतोय का?” निवडायला मात्र पडदा बरा होता, हे विपुल प्रामाणिकपणे मान्य करी. तीन गोष्टी समोर ठेवल्या की चौघं मिळून चटकन बरी ती निवडत, मीटिंग वेळेवर संपे, कुणालीचे वरिष्ठ खूश असत. सगळं होत होतं, फक्त नवीन काही उगवत नव्हतं. आणि हे आत्ता, या क्षणी, ओल्या हातांनी बसलेला असताना, त्याला पहिल्यांदा असं धडधडीत दिसलं. दोन वर्षं तो समजत होता की विहीर आटली. विहीर आपली आटली का तिच्यावर झाकण पडलंय?

“पोरा, काका आलं रं,” आई दारातून कुजबुजली. मागोमाग कमळाकरकाका आले, हेल्मेट काखेत, अंगावर रस्त्याची धूळ. विपुलनं पडद्याकडं बघतच मान हलवली. काका कॉटवर टेकले, कॅमेऱ्याच्या कडेला, आणि हळूच म्हणाले, “तुजं चालूंदे. मी हाय. सोमवारचं बोलायला आलोय.”

सोमवारचं. म्हणजे दुकानाचं. आणि त्याच क्षणी पडद्यावर त्याला प्रणितचं कोपर दिसलं. प्रणित अगदी समोर बघत होता, चेहरा शहाण्या मुलासारखा, पण त्याचं उजवं कोपर बारीक बारीक हलत होतं, पुढं, मागं, थांबून पुन्हा पुढं. विपुलनं रुचिताकडं पाहिलं. रुचिताचे खांदे डुलत होते, इतके कमी की डोळ्यांत तेल घालून बघितल्याशिवाय कळू नये. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. या दोघांचे हात काहीतरी करतायत. चौकटीच्या खाली, कुणाला न दिसता, काहीतरी चाललंय. इतके महिने हे चालू होतं आणि आपल्याला दिसलं नाही, कारण आपण चेहरे बघत होतो. त्याला एकदम हसू फुटलं आणि ते त्यानं दाबलं नाही.

“काय झालं?” कुणाली म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला गमवायचं तरी काय होतं? काका कॉटवर बसलेच होते. सोमवारपासून फरश्या होत्याच. त्यानं परात दोन्ही हातांनी उचलली आणि कॅमेऱ्यापुढं धरली.

“कुणाली, मी खाली बघत होतो ते हे. बिरडं सोलतोय. उद्या बहिणीचा साखरपुडा आहे आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या हाताला मेंदी आहे.”

कॉटवरून काकांचा खोकला ऐकू आला. विपुलचे कान तापले, पण तो थांबला नाही. “आणि खरं सांगू? हे करताना मला काहीतरी सुचत होतं. तू हाक मारलीस आणि ते गेलं. तुझ्यावर राग नाही. पण खरंच येत होतं. प्रणित, तुझा हात कुठंय?”

प्रणित एकदम ताठ झाला. “माझा? कुठे, इथेच.”

“खाली काय करतोयस?”

“काही नाही रे.” मग त्यानं डोळे मिटले, नाकातून श्वास सोडला आणि तो म्हणाला, “माझ्या पायजम्याची नाडी आत गेलीय. सकाळपासून. वर शर्ट इस्त्रीचा आहे, खाली पायजमा. मीटिंगमध्ये बसून ती नेफ्यातून पुढे सरकवतोय. हसू नका.”

रुचिता हसली, पण आवाज न करता, तोंडावर हात ठेवून. मग तिनं आपला कॅमेरा खाली वाकवला. तिच्या मांडीवर तिची मुलगी गाढ झोपलेली होती, चिमी, तोंड उघडं, मूठ घट्ट. “हिचा पाय धरून बसते मी रोज,” ती कुजबुजत म्हणाली. “रोज. सांगणार कसं? हलवत राहिले नाही तर उठते.”

आता तिघंही कुणालीकडं बघू लागले. ती हेडफोनच्या वायरीशी खेळत होती, इतकंच दिसलं. “मी काही सोलत नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मीटिंगचा नव्हता, फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीतला होता. “मी इथे बसले की कोपऱ्यातल्या माझ्याच चेहऱ्याकडे बघते. सगळा वेळ. केस नीट आहेत का, दमलेली दिसतेय का. तुम्ही बोलत असता आणि मी स्वतःला बघत असते. मला माझा कंटाळा आलाय.”

आणि मग ती म्हणाली, “कॅमेरे फिरवा. बंद नका करू, फिरवा. कुणी कुणाकडे बघायचं नाही.”

लॅपटॉप फिरले. पुण्याहून एक खिडकी आली, तिच्या गजांना वाळत टाकलेली लादी पुसायची फडकी. भुसावळहून पंखा आणि गेल्या दिवाळीची राहिलेली झिरमिळी. वाशिंदहून चिमीचं एक पाऊल. विपुलनं आपला दाराकडं वळवला. बाहेर पेंढ्याची उडवी, मांडवाचे आणून टाकलेले बांबू आणि त्यावर बसलेलं एक आळशी मांजर. चेहरे गेले. कुणी बोलेना, आणि या वेळी ‘आवाज येतोय का’ असं कुणी विचारलं नाही. पंख्याचा आवाज भुसावळहून येऊ लागला, घर्र घर्र. तीच शांतता. ती मेली नव्हती, कल्याणला अडकूनही पडली नव्हती. ती फक्त चेहऱ्यांना बिचकून लांब उभी राहिली होती.

“सापडतंय का टोक?” कुणीतरी विचारलं.

“सापडलंय. पण मधे शिवणीला अडकतं. आतून गाठ लागते बोटाला. बघायची गरजच नाही, कळतं सगळं,” प्रणित पंख्याखालून म्हणाला.

“न बघता कळतं,” विपुल म्हणाला. तो स्वतःशीच म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता त्याचा हात वालावर थबकला. “मलाही. वाल आपोआप पुढं सरकतो.”

“कापडाच्या आत सरकला तर?”

“नेफ्यात. नाडीच्या जागी दाणा.”

“एकच नेफा कशाला? नेफ्यांचं जाळं. चादरभर. जसे रस्ते.”

“आणि ती चादर एका मुलाच्या नाही, बाकावरच्या सगळ्यांच्या मांडीवर.”

“डोळे मिटलेले.”

“माझ्याकडून ढकललेला दाणा तुझ्या बोटाखाली येतो.”

“आणि कुणी ढकलला ते कळत नाही.”

हे शेवटचं वाक्य कोण बोललं? विपुलला वाटलं रुचिता. पण रुचिता तर त्याच वेळी “अगं बाई” म्हणत होती. मग कुणाली. का आपणच? शब्द येत होते ते नावाच्या पाट्या खाली टाकून येत होते. कुणी कुणाला ‘तू आधी’ म्हणत नव्हतं. सगळे एकमेकांवर बोलत होते, अर्धं वाक्य भुसावळला सुरू होऊन मुरबाडला संपत होतं, आणि काही अडत नव्हतं. विपुल खुर्चीवरून केव्हा उठला त्याला कळलं नाही. त्यानं हातात आलेल्या टॉवेलची कड पाहिली, दुमडून शिवलेली, आत पोकळ. शिवणीचा दोरा दातानं तोडला, एक न भिजलेला कडक वाल आत सारला आणि टॉवेलचं दुसरं टोक काकांपुढं धरलं.

“काका, डोळं मिटा.”

“आरं पण,”

“मिटा ना.”

कमळाकरकाकांनी हेल्मेट बाजूला ठेवलं आणि डोळे मिटले. विपुलनंही मिटले. अंधारात बोटाखाली तो दाणा होता, एवढासा, कापडातून टणक. त्यानं तो ढकलला. पुढं, शिवणीला अडला, मागं घेतला, पुन्हा पुढं. आणि मग टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी झालं. कापड किंचित ओढलं गेलं. दाणा त्याच्या बोटाखालून गेला. थोड्या वेळानं तो परत आला, काकांनी पाठवलेला, जरा तिरका, जरा जास्त जोरानं. विपुलला एकदम असं भरून आलं की त्याला डोळे उघडवेनात. हाच माणूस त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन म्हसेच्या जत्रेला न्यायचा, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत दोघं कधी काही खेळले नव्हते.

“ए, हे चालतंय,” तो मोठ्यानं म्हणाला. “चालतंय हे. माझे काका खेळतायत.”

“माझ्या उशीच्या अभ्र्यात बटण घातलंय,” रुचिता म्हणाली. “चिमीच्या बोटाखाली दिलं तर झोपेत ढकलतेय ती. झोपेत, कुणाली.”

“मी ओढणी उसवतेय,” कुणाली म्हणाली. “कुणी काही बोलू नका. नाही, बोला. बोलत राहा.”

आई दारात येऊन उभी राहिली. मुलगा आणि दीर, दोघं डोळे मिटून एका फाटक्या टॉवेलाची दोन टोकं धरून बसलेले तिनं पाहिले. “नवा टावेल होता तो,” ती म्हणाली. मग तिची नजर परातीतल्या सोललेल्या वालांकडं गेली आणि ती आत वळली.

बराच वेळ गेला, आणि बोलता बोलता विपुलचे हात पुन्हा वाल सोलू लागले. अडचणी निघाल्या आणि त्यासुद्धा लाडक्या वाटल्या. दाणा नको, लहान पोरं काय तोंडात घालतील नेम नाही, आत शिवून बंद केलेला लाकडी मणी हवा. रस्ते कुठं रुंद, कुठं चिंचोळे. एखाद्या जागी दोन रस्ते भेटतात, तिथं मणी कुणीकडं जाईल सांगता येत नाही. दवाखान्यात चादर धुता आली पाहिजे, ही आठवण रुचितानं केली. आणि शेवटी ठरलं की उद्या ती कापडं घेऊन वाशिंदच्या पाहुण्यांबरोबरच टेम्पोत बसून साखरपुड्याला येणार, चिमीलाही घेऊन, आणि दोघं पडवीत बसून पहिली चादर शिवणार. उरलेले दोघं रविवारी येतो म्हणाले. मुरबाडला कसं यायचं, कल्याणहून एसटी का जीप, हे प्रणितनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग कॅमेरे परत वळले आणि चार चेहरे समोर आले, विस्कटलेले, लाल झालेले. एकमेकांकडं बघायला चौघांनाही थोडी लाज वाटली.

“आता एकच,” कुणाली म्हणाली. “आज रात्रीच वर कळवायचंय. कंपनीच्या त्या फॉर्मात नाव टाकावं लागतं. मूळ कल्पना कुणाची?”

“प्रणितच्या नाडीची,” रुचिता म्हणाली.

“मी फक्त नाडी म्हणालो. चादर कोण म्हणालं?”

“तू ना?”

“मी नाही.”

“विपुल?”

विपुलनं आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, कारण काका बघत होते. काही हाती लागलं नाही. “मला खरंच माहीत नाही,” तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला जो आनंद झाला तसा स्वतःचं नाव ऐकूनही कधी झाला नव्हता.

कुणालीनं जागा रिकामी ठेवली. मीटिंग संपली. शेवटी सांगायचं म्हणून ठेवलेलं जे होतं ते सांगायचं राहून गेलं, आणि पडदा काळा झाल्यावर विपुलच्या ते लक्षात आलं. खोलीत आता कॉटवरचे काका आणि तो.

“झालं काम?” काकांनी विचारलं.

“झालं.”

“तूच काढलंस ना ते डोक्यातून?”

“ठाव नाय, काका.”

काकांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक घेणार का नुसतं बघून जाणार हे त्यांना पायरीवरच कळे. विपुलचा हात सवयीनं परातीत गेला आणि तळाला लागला. परातीत सोललेलेच तेवढे होते, पांढरे, ओले, चकचकीत. सालं एका बाजूला. सोलायचं काहीच राहिलं नव्हतं. त्यानं दाराकडं तोंड केलं.

“आई,” त्यानं हाक मारली, “अजून वाल हायत का गो?”

आतून मेंदीवाल्या बायकांचा हसण्याचा आवाज आला. काका उठले. त्यांनी हेल्मेट खुंटीला अडकवलं, बाह्या वर सारल्या आणि विपुलच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“म्हंजे सोमवारी दुकानात दुसरा कोण बघायचा,” ते म्हणाले. “सरक जरा. मलाबी जागा दे.”